कपभर मैद्याची शीग

ताई, नमस्कार. मी भांडुपला राहते. गेल्या दिवाळीपासून सोसायटीत केकच्या छोट्या ऑर्डरी घेते. एका अमेरिकन रेसिपीवरून व्हॅनिला केक करते, त्यात अडीच कप मैदा आहे. कधी केक कापसासारखा होतो, तर कधी मधोमध फुगून फुटतो आणि दुसऱ्या दिवशी घशाखाली उतरत नाही. मुलगा म्हणाला, कप सोड आणि वजनावर ये. त्यानं मोबाइलवर शोधलं तर एक कप मैदा कुठे १२० ग्रॅम, कुठे १२५, कुठे १४२. एकानं तर १५० लिहिलंय. यातलं खरं कुठलं? सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर वाटीनं केलं, आमची नानकटाई कधी फसली नाही, घरात वाण्यासारखा काटा कशाला?
– एक वाचक, भांडुप

तुमच्या मुलाला सापडलेले चारही आकडे खरे आहेत, आणि घोळ नेमका तिथेच आहे. १२० हा अमेरिकेतल्या किंग आर्थर या पिठाच्या कंपनीचा आकडा. ते लोक पीठ आधी ढवळून मोकळं करतात, चमच्यानं अलगद कपात टाकतात आणि वरून पट्टी फिरवतात. १२५ हा तिथल्या कृषी खात्याच्या तक्त्यातला. १४२ म्हणजे ५ औंस, तो अमेरिकाज टेस्ट किचन या पाककृती पारखणाऱ्या संस्थेचा. ते कप थेट पिठात खुपसतात, भरून वर काढतात आणि मग सपाट करतात. आणि खुपसताना कप डब्याच्या कडेला जरा दाबला की १५० सहज भरतात. मैदा तोच आणि कपही तोच, भरणाऱ्याचा हात तेवढा वेगळा.

आता तुमचे अडीच कप घ्या. १२० नं ३०० ग्रॅम होतात, १५० नं ३७५. फरक ७५ ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या कपाहून जास्त मैदा. अंडी, दूध, लोणी आहे तेवढंच आणि मैदा सव्वापट! ज्या दिवशी पिशवी नवीन, डबा नुकताच भरलेला, तुम्ही निवांत, त्या दिवशी केक कापसासारखा. ज्या दिवशी मैदा आठवडाभर डब्यात बसलेला आणि संध्याकाळी सहाला ऑर्डर द्यायची घाई, त्या दिवशी कप खुपसला जातो. रेसिपीला दोष देऊ नका, तिला तुमची घाई ठाऊक नाही.

खरं तर हा फरक आपल्या भाषेला जुना ठाऊक आहे. दशमान वजनं-मापं १९५६ च्या कायद्यानं आली, त्याआधी आपल्याकडे शेर दोन होते. एक मापी शेर, एक वजनी शेर. चार शेरांची पायली व्हायची, ती मापी शेराची. ज्वारी-तांदूळ पायलीनं मोजत, कारण दाणा दाबून दबत नाही. तरीसुद्धा भांडण व्हायचं ते शिगेवरून, म्हणजे मापाच्या काठावर उभ्या राहणाऱ्या ढिगावरून. माप काठाला सपाट की वर शीग लावून? 'शिगेला पोहोचणं' आणि 'झुकतं माप' हे दोन्ही वाक्प्रचार त्याच बाजारातून आले. पण पीठ कुणी पायलीनं मोजलंय असं मी तरी ऐकलं नाही. गिरणीत आजही डबा आधी काट्यावर चढतो, मग दळण. पिठाचं माप बेभरवशाचं, हे गिरणीवाल्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

अमेरिकेत मात्र घरोघरी कप रुजला. त्यातली शीग छाटायचं श्रेय बरंचसं बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांना जातं. त्यांनी १८९६ च्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात कप आणि चमचा सपाटच भरायचा, असा आग्रह धरला. शीग गेली, पण आतलं दाबणं-मोकळं करणं तसंच राहिलं.

तेव्हा कामाचं बोलू. काटा आणला असं धरून चालते, काट्याचं पुढे सांगते. पहिल्यांदा मैद्याला हातही लावू नका, तुमचा कप तपासा. कप काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिलीलीटर. अमेरिकन कप साधारण २३७ चा, तिथल्या लेबलांवर २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा २५० चा. जपानचा २०० चा. आपल्याकडच्या दुकानांत २४० चेही सेट मिळतात आणि २५० चेही, आणि त्यावर कोरलेला आकडा खराच असेल असं नाही. माझ्या पहिल्या सेटमधला '२५०' चा कप पाण्यानं मोजला तर २३२ भरला. दोन वर्षं मी ओव्हनला शिव्या घालत होते. चहाच्या कपाचं तर बोलायलाच नको, त्यात जेमतेम दीडशे मिली मावतं आणि तरी त्यालाही आपण कपच म्हणतो.

मग मैदा. डब्यातला मैदा डावानं खालवर करून मोकळा करा. चमच्यानं कपात टाका, कप आपटू नका, ठोकू नका. सुरीच्या पाठीनं सपाट करून वजन बघा, लिहा, परत डब्यात ओता. असं पाच वेळा. पाचही आकडे चार-पाच ग्रॅमच्या आत आले तर तुमचा हात स्थिर आहे. मग एकदा मुद्दाम कप खुपसून भरा. तो आकडा बघितला की तुमचे फुटलेले केक आठवतील.

आता तिसरी गोष्ट, जी तक्ते बघणारे विसरतात. तुमच्या कपाचं वजन कळलं, ठीक. पण तुम्हाला हवंय ते रेसिपी लिहिणारीच्या कपाचं वजन. ते शोधावं लागतं. आधी रेसिपीत कुठे ग्रॅम लिहिलेत का बघा, बऱ्याचदा कंसात किंवा तळाशी असतात. असतील तर प्रश्न मिटला, दुसऱ्या कुणाचा तक्ता त्यावर लादू नका. नसतील तर ती पीठ कसं भरायला सांगते ते वाचा. चमच्यानं भरा म्हणत असेल तर १२० ते १२५. कप बुडवून सपाट करा म्हणत असेल तर १४० च्या आसपास. आणि एक स्वल्पविराम नीट बघा. '१ कप मैदा, चाळून' म्हणजे आधी मोजा, मग चाळा. '१ कप चाळलेला मैदा' म्हणजे आधी चाळा, मग मोजा, आणि तो ११०-११५ ग्रॅमच भरतो. जुन्या अमेरिकन रेसिपींत हा दुसरा प्रकार बराच आहे. एवढ्याशा शब्दाच्या जागेनं अडीच कपांत तीसेक ग्रॅम मैद्याचा घोटाळा होतो.

यातलं काहीच सापडलं नाही तर मी १२५ धरते. हा पक्का नियम आहे असं नाही, पण सुरुवात कुठून तरी करायची. म्हणजे तुमच्या केकला ३१२ ग्रॅम, ३१० घ्या. केक मधोमध खचला, आत ओलसर राहिला, तर पुढच्या वेळी कपामागे दहा ग्रॅम वाढवा. घट्ट, कोरडा झाला, वर डोंगर येऊन फुटला, तर पाच-सात ग्रॅम कमी करा. फुटण्याचा दोष जास्त आचेचाही असतो आणि लहान टिनचाही, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय बदलल्यामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. जमलेला आकडा वहीत शाईनं लिहा. त्यानंतर तो तुमचा आकडा, मग मोबाइल काहीही म्हणो.

मैद्याच्या जागी कणीक घालून 'हेल्दी' केक करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं तुम्हालाही भेटत असतीलच. तेव्हा कपाला कप न बदलता ग्रॅमला ग्रॅम बदला. चक्कीचं पीठ कसं दळलंय त्यावर त्याचा कप हलका किंवा जड होतो आणि ते पाणीही जास्त पितं, म्हणून दुधाचे दोन-तीन चमचे हाताशी ठेवा. रव्याचा कप मैद्याच्या कपाहून बराच जड असतो, १६५ च्या पुढेमागे. कोकोचा फार हलका, ८५ च्या आसपास. 'एक कप म्हणजे सव्वाशे ग्रॅम' हे फक्त मैद्यापुरतं, सगळ्या डब्यांना लावू नका.

साखरेत आणखी एक खड्डा आहे. साखरेचा कप साधारण २०० ग्रॅमचा, पिठीसाखरेचा १२० च्या आत-बाहेर. आपली साखर जाडी, लवकर विरघळत नाही, म्हणून आपण ती मिक्सरमध्ये फिरवतो. ते बरोबरच आहे. पण आधी २०० ग्रॅम मोजा आणि मग फिरवा. फिरवून झाल्यावर एक कप मोजलात तर साखर ऐंशी ग्रॅमनं घटली. बायका म्हणतात, 'केक अगोड झाला आणि रंगच आला नाही.' अहो, रंगही साखरेनंच येतो ना!

लोण्याचं तर मी दरवेळी सांगते. अमेरिकन रेसिपीत 'एक स्टिक' असते, ती अर्धा कप, म्हणजे ११३ ग्रॅमची. आपलं छोटं पाकीट १०० ग्रॅमचं. दोन स्टिकच्या जागी दोन पाकिटं टाकलीत तर २६ ग्रॅम लोणी कमी पडलं. आणि ते पिवळं पाकीट खारट असतं, तेव्हा रेसिपीतलं मीठ वगळा.

दुधाचा २४० मिलीचा कप सुमारे २४५ ग्रॅम, तेलाचा २२०, कारण तेल हलकं. मधाचा ३४० पर्यंत जातो. अंडं अमेरिकेत 'लार्ज' म्हणतात ते टरफलाशिवाय ५० ग्रॅमच्या आसपास असतं. आपल्याकडची अंडी कधी कधी लहान येतात. चार अंड्यांच्या केकला चार लहान अंडी घातली की एका अंड्याइतका ओलावा कमी पडू शकतो. फेटून वजन करा आणि कमी असेल तेवढं भरून काढा. तुमच्याकडे मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात बिनअंड्याच्या ऑर्डरी जास्त असणार. त्यांत अंड्याऐवजी कंडेन्स्ड मिल्क घालत असाल तर त्याच्या डब्यावर वजन छापलेलंच असतं, तेवढी एक कटकट कमी. मात्र रेसिपीत 'एक टिन' म्हटलं असेल तर तो किती ग्रॅमचा, हे बघितल्याशिवाय डबा फोडू नका.

चिमटी आणि चमच्याच्या गोष्टी मात्र काट्यावर नेऊ नका. बेकिंग पावडर, सोडा, मीठ, इसेन्स, सगळं सपाट चमच्यानं. घरचा काटा एक ग्रॅमचा टप्पा दाखवतो. अर्धा चमचा सोडा तीनेक ग्रॅमचा, त्यात एका ग्रॅमची चूक म्हणजे तिसरा हिस्सा. चमचा म्हणजे ५ मिलीचा टीस्पून, पोह्यांच्या डिशमधला नव्हे. टेबलस्पून १५ मिलीचा, फक्त ऑस्ट्रेलियन रेसिपी असेल तर त्यांचा २० चा असतो.

पावसाळ्याचं कुणीतरी विचारणारच म्हणून सांगते. मैद्यात मुळातच १२ ते १४ टक्के ओलावा असतो आणि मुंबईच्या जुलैत उघड्या पिशवीतला मैदा आणखी थोडा पितो. काटा तो ओलावा ओळखत नाही, त्याला ते पीठच वाटतं. पण हा फरक कप खुपसण्याच्या फरकापुढे किरकोळ आहे. केकसाठी घट्ट झाकणाचा डबा पुरे. पाव करत असाल तर पाणी एकदम ओतू नका, शेवटचे दोन चमचे राखून ठेवा.

आता काटा. साधा डिजिटल, पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमचा टप्पा असलेला घ्या. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत मिळतो, दादरलाही मिळतो. हजार रुपयांच्या वर जायची गरज नाही. बघायचं ते इतकंच की आपोआप बंद पडायला तो वेळ किती घेतो. मैदा चाळेस्तोवर काटा झोपला की आधीचा आकडा गेला. घरी आणल्यावर दहा रुपयांची दोनरंगी दहा नाणी ठेवून बघा, ७७ ग्रॅमच्या आसपास यायला हवीत. काटा ओट्यावर सपाट जागी ठेवा, शेजारी मिक्सर चालू नको, डोक्यावर पंखा नको. आणि पीठ चाळणीतून भुरभुरत थेट काट्यावरच्या भांड्यात पाडू नका. फार हळू पडणारं वजन काही काटे मोजतच नाहीत, शून्यालाच चिकटून बसतात. चमच्याचमच्यानं टाका. एक कायद्याची बाब. तुम्ही केक अर्धा किलो, एक किलो असा वजनावर विकत असाल तर गिऱ्हाइकाला मोजून द्यायचा काटा वैधमापन खात्याच्या शिक्क्याचा लागतो, हा घरगुती काटा तिथे चालत नाही. केकचं पीठ मोजायला तो तुमचा तुम्हाला.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही, कारण ते बरोबर आहे. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा. यात वाटी कुठलीही घ्या, सगळीकडे तीच घेतली की प्रमाण राखलं जातं. शिवाय त्यांची वाटी एकटी नसते, तिच्याबरोबर त्यांचा हात असतो. मळताना गोळा सैल वाटला तर चिमूटभर मैदा जातो, कोरडा वाटला तर तुपाचं बोट. चपातीची कणीक आपण कुठे मोजतो? हाताला कळतं. केकचं तसं नाही. पातळ मिश्रणात ५० ग्रॅम मैदा जास्त पडला तर बोटाला काही कळत नाही, आणि टिन एकदा आत गेला की कुणाच्या हातात काही उरत नाही. मोबाइलवरच्या रेसिपीतून बाईची वाटी तुमच्यापर्यंत आली, तिचा हात आला नाही. तो काही प्रमाणात ग्रॅममधूनच येतो.

म्हणून सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या नानकटाईचं वजन करून ठेवा. येत्या दिवाळीत त्यांना नेहमीसारखं वाटीनंच घालू दे, अगदी शीग लावून घालतात तशी. तुम्ही फक्त परात काट्यावर ठेवा, आणि त्यांनी एकेक जिन्नस घातला की आकडा लिहून शून्य करा. नंतर मळताना त्या जे चिमूट-बोट घालतात ना, तेही लिहा, खरी नानकटाई तिथेच आहे. मळायच्या वेळी परात खाली उतरवा, काट्यावर मळलंत तर काटा बिघडेल. मळून झाल्यावर पुन्हा ठेवून एकूण वजन बघा. वाढलं असेल तेवढा त्यांच्या हाताचा हिशेब. परात मोठी असते, तिच्याखाली काट्याचा आकडा झाकला जातो. तेव्हा आधी काट्यावर एक उंच स्टीलचा डबा पालथा घाला, त्यावर परात ठेवा आणि मगच शून्याचं बटण दाबा.